ऑनलाइन दुकान चालवताय? मग नियम आधीच लिहून ठेवा

अबाया, हिजाब, मुलांचे कुर्ते, अत्तर, मसाले. आज आपल्या अनेक घरांतल्या महिला आणि तरुण मुलं ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, एत्सीसारख्या ठिकाणी माल विकतात. विक्रीबरोबर तक्रारीही येतात. "रंग वेगळा आला", "साइज बसत नाही", "ईद झाल्यावर पार्सल मिळालं". एक पार्सल परत आलं की कुरियरचा खर्च जातो, कमाई जाते आणि वर रेटिंग पडतं. यातले बरेच वाद ऑर्डरच्या आधी चार ओळी स्पष्ट लिहिल्या तर टळतात.

काही जण सोपा उपाय करतात. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं लिहून मोकळे होतात. पण कायद्यापुढे हे वाक्य टिकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष किंवा नकली असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. इस्लामी फिक्हमध्येही माल घेतल्यावर दोष निघाला तर तो परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

मग नियम लिहायचे कशाबद्दल?

माल: कापड कोणतं, लांबी-रुंदी किती, हे इंचात लिहा. "फ्री साइज" हा शब्द भांडणाचं मूळ आहे. फोटोत दिसणारी ओढणी किंवा पिन सोबत मिळणार नसेल तर तसं सांगा.

वेळ: पार्सल घरातून निघण्याचे दिवस वेगळे आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याचे दिवस वेगळे. शिवायला चार दिवस लागत असतील तर सहा सांगा. रमजानमध्ये कामाचा वेग कमी होतो आणि ऑर्डरी वाढतात. म्हणून "ईदसाठीच्या ऑर्डरी अमुक तारखेपर्यंतच" हे ठळक लिहा.

परतावा: किती दिवसांत कळवायचं, माल कोणत्या स्थितीत हवा आणि परतीचा खर्च कोण देणार, हे तिन्ही लिहा. चूक आपली असेल तर खर्च आपणच उचलावा.

मापाने शिवलेला माल: "दिलेल्या मापाप्रमाणे शिवलेला कपडा माप चुकीचं दिल्यामुळे बसला नाही तर परत घेता येणार नाही. शिलाईत दोष असेल तर दुरुस्त करून देऊ किंवा पैसे परत करू." इतकं साधं वाक्य पुरतं. गिऱ्हाइकाने दिलेलं माप मेसेजमध्ये लेखी घ्या, फोनवर नको.

तक्रार: याच नियमांप्रमाणे विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. घरगुती धंद्यात हे काम घरातलंच कोणी करेल. पण कोण, ते ठरवा आणि नाव व संपर्क लिहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एत्सीवर परताव्याची अट विक्रेता स्वतः ठरवू शकतो. बऱ्याच मोठ्या साइट्सवर मात्र परताव्याचे नियम साइटचेच असतात आणि त्याहून कडक अट तुम्हाला लावता येत नाही. म्हणून आधी सेलर पॅनेलमधले नियम वाचा, मग आपले लिहा. आणि स्वतःच गिऱ्हाईक बनून आपल्या मालाला चांगले रिव्ह्यू देऊ नका, त्यालाही कायद्याने बंदी आहे.

नियम लिहून झाले की घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला धंद्यातलं काही माहीत नाही. त्याला एखादी ओळ पुन्हा विचारावी लागली, तर ती बदला. गिऱ्हाईकही तिथेच अडणार. आणि जे लिहिलंय ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सारखंच लावा. ओळखीच्याला एक आणि अनोळख्याला दुसरं असं झालं, तर लिहिलेल्या नियमांना किंमत उरत नाही.