पहिली पाच पावलं!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. फुटबॉलच्या निवड चाचणीला आठ आठवडे उरलेत. तुमचा पास नेमका जातो, बॉल पायाला चिकटल्यासारखा राहतो, पण शर्यत लागली की तुम्ही नेहमी चौथे नाहीतर पाचवे. आता काय कराल?

बहुतेक जण काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीही तेच केलं होतं. आठवीत असताना शाळेच्या संघाची निवड होती. मी रोज पहाटे उठून मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारू लागलो. धाप लागेपर्यंत, पाय भरून येईपर्यंत! आदल्या दिवशी तर चांगल्या पंधरा मारल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी ३० मीटर पळायला लावलं. शिटी वाजली आणि माझे पाय जणू चिखलात रुतलेले. सातव्या-आठव्या पावलाला मांडीच्या मागे अशी कळ आली, की मी मटकन खालीच बसलो.

कष्टात खोट नव्हती, बरं का! खोट पद्धतीत होती. परीक्षा होती पाच सेकंदांची आणि मी अभ्यास केला होता अर्ध्या तासाचा!

म्हणून आज आपण वेगाचं गणित समजून घेऊ. त्याला हिरवळीचं मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. कवठे महांकाळच्या मुरमाड माळावरही ते सुटतं. हवी फक्त एक सुतळी, थोडी फक्की, एक घड्याळ आणि एक मित्र. मुलींनो, हे सगळं तुमच्यासाठीही आहे!

बोल्टसुद्धा आधी हळूच होता

उसेन बोल्ट तुम्हाला माहीत आहेच. २००९ साली बर्लिनला त्यानं १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापलं. पण गंमत पाहा. त्या शर्यतीत पहिल्या २० मीटरला त्याला २.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० मीटर हे तेवढंच अंतर त्यानं १.६१ सेकंदांत कापलं! म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूससुद्धा सुटल्याबरोबर वेगवान नसतो. वेग पकडायला त्यालाही अंतर लागतं.

फुटबॉलमध्ये सलग १०० मीटर सुसाट पळायची वेळ क्वचितच येते. मैदानच १०५ मीटरच्या आसपास! खरी चढाओढ असते १०-२० मीटरची. बॉल मोकळा सुटला, दोघे धावले, आधी पोहोचला त्याचा बॉल. म्हणजे बोल्टच्या शेवटच्या ५० मीटरपेक्षा आपल्या कामाची आहेत ती पहिली पाच पावलं.

आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडताना ज्या शारीरिक चाचण्या घेतल्या जातात, त्यांतही ३० मीटर धावणं आहे, ६ गुणिले १० मीटरची शटल धाव आहे आणि जागेवरून लांब उडीही आहे. तिघींचं मूळ एकच, ते म्हणजे जमिनीला जोरानं रेटा देणं. प्रबोधिनीतली ३० मीटरची धाव ‘फ्लाइंग स्टार्ट’ची असते, म्हणजे आधी थोडं पळत येऊन वेग घ्यायचा आणि रेघ ओलांडली की घड्याळ सुरू.

आता हिशेब करा. तुम्ही ३० मीटर ५ सेकंदांत पळता आणि तुमचा मित्र ४.८ सेकंदांत. फरक किती? सेकंदाचा पाचवा भाग! पण तेवढ्यात तो तुमच्यापुढे सव्वा मीटर निघून जातो. बॉलवर पाय कोण ठेवणार, हे त्या सव्वा मीटरवर ठरतं.

विहिरीचं उदाहरण

तुमच्या भागात विहिरीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मोटर सुरू केली की धो-धो येतं, पण विहीर उपसली की थांबावं लागतं. झरे हळूहळू पाझरतात, मग पुन्हा पाणी. तशात मोटर चालूच ठेवली तर काय होईल? पाणी तर नाहीच, वर मोटर जळेल!

स्नायूंचंही असंच आहे. पूर्ण ताकदीनं पळताना जे इंधन वापरलं जातं, त्याचा साठा काही सेकंदच पुरतो. तो भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधीच पुन्हा पळालात तर तुम्ही पळता खरे, पण मंद पळता, आणि शरीर मंद पळायलाच शिकतं! म्हणून नियम लक्षात ठेवा: १० मीटर पळालात तर एक मिनिट थांबा, २० ला दोन मिनिटं, ३० ला तीन. तेव्हा मित्रांनी ‘दमलास काय रे?’ म्हणून चिडवलं तर खुशाल चिडवू द्या.

आता मैदानात चला

आधी जागा पाहा. दगड-गोटे, सराटे वेचून काढा. डांबरी रस्त्यावर वेगाचा सराव नको. सुतळीनं ३० मीटर मोजा. १०, २० आणि ३० मीटरवर फक्कीच्या रेघा मारा. उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावरच पळायचं.

मग अंग गरम करा, किमान दहा मिनिटं. हळू पळणं, गुडघे वर उचलत चालणं, टाचा मागे मारत पळणं, पाय पुढे-मागे झुलवणं. त्यानंतर तीन धावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी जोरात. थंड अंगानं एकदम सुसाट सुटलं तर काय होतं, ते माझ्या मांडीला विचारा!

आता युक्त्या.

१. भिंतीला दोन्ही हात टेका, अंग तिरकं ठेवा आणि एकेक गुडघा झपकन वर आणा. सुटताना अंग असंच पुढे झुकलेलं हवं आणि पायानं जमीन मागे ढकलायची. लांब टांगा टाकायचा मोह नको. पाय शरीराच्या फार पुढे पडला की तो ब्रेकच होतो.

२. सरळ उभे राहा, अंग पुढे झुकू द्या आणि तोल जाईल त्या क्षणी सुटा. मग हेच पालथं पडून, मांडी घालून बसून आणि पाठमोरं उभं राहून करा. सामन्यात शर्यतीसारखं ‘तयार’ म्हणायला कोणी येत नाही!

३. कोपर काटकोनात ठेवा आणि हात गालापासून खिशापर्यंत जोरात हलवा. हात झपाझप हलले की पायांनाही त्याच तालावर पळावं लागतं. खांदे आणि जबडा मात्र सैल.

४. शटलसाठी: वळण्याआधीची दोन-तीन पावलं आखूड टाका, गुडघे वाकवून अंग खाली आणा, मग वळा. ताठ उभ्यानं वळणारा घसरतो.

५. खो-खो खेळा! हसू नका, खरंच सांगतो. पाटीत बसलेल्या खेळाडूला पाठीमागून ‘खो’ मिळतो आणि तो बसल्या जागेवरून उसळतो. हाच तर पहिल्या पाच पावलांचा सराव! खेड्यापाड्यातली मुलं हे रोज करतात आणि वर म्हणतात, ‘आम्हाला कुठलं ट्रेनिंग?’

आठ आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्यातून तीनच दिवस, सोमवार, बुधवार आणि शनिवार. मधल्या दिवशी नेहमीचा खेळ खेळा. दम त्यातून वाढेल. एक दिवस पूर्ण सुटी.

पहिले दोन आठवडे: १० मीटर सहा वेळा, २० मीटर तीन वेळा.

पुढचे तीन आठवडे: १० मीटर चार वेळा, २० मीटर चार वेळा, ३० मीटर दोनदा.

सहावा आणि सातवा: २० मीटर तीनदा, ३० मीटर तीनदा आणि एक शटल धाव.

आठवा: सगळं निम्मं. चाचणीआधीचे दोन दिवस फक्त हलकं पळणं.

बेरीज करून पाहा. एका दिवसाची धाव जास्तीत जास्त २०० मीटरच्या आसपास! माझ्या दहा फेऱ्यांपुढे किती चिमूटभर! पण प्रत्येक धाव पूर्ण जोराची हवी. दर दोन आठवड्यांनी मित्राला ३० मीटरची वेळ घ्यायला सांगा आणि वहीत लिहून ठेवा. वेळ वाढू लागली तर समजा, विश्रांती कमी पडतेय.

आणि रेघेपाशी थांबायचं नाही, रेघेपलीकडे पळायचं! १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं होतं. शंभरावा भाग म्हणजे डोळ्यांची पापणीसुद्धा लवत नाही!

आई-बाबांसाठी चार शब्द

वेगासाठी डबाबंद पावडरी लागत नाहीत. भाकरी, डाळ, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ, दूध, जमलं तर अंडी आणि तुमच्याच भागातले मूठभर बेदाणे पुरे. भरपूर पाणी आणि आठ-दहा तासांची झोप मात्र हवीच. गुडघ्याखाली किंवा टाचेत रोज दुखत असेल तर ‘वाढीचं वय आहे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मांडीत कळ आली तर त्या दिवशी धाव बंद!

आणखी एक. तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करा. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून लहानखुरा. आज पहिला पुढे जाईल, दोन वर्षांनी दुसरा त्याला गाठेलही. एका चाचणीवरून मुलाचं भविष्य ठरवू नका. ‘निवड झाली का?’ याआधी ‘तुझी वेळ किती कमी झाली?’ असं विचारा.

शेजारच्या कोल्हापुरात तालमी-तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियम दणाणून जातं. त्याच कोल्हापुरातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. फिफाच्या विश्वचषकात भारत उतरला तो पहिल्यांदाच! भारत तिन्ही सामने हरला, पण आपल्या शेजारच्या गल्लीतून तिथवर रस्ता जातो, हे तर कळलं.

त्या रस्त्याची पहिली पाच पावलं तुमच्या माळावर आहेत. मग, सुतळी आणि फक्की घेऊन कधी निघताय?