दहा जणांत हलकं होणारं मन

मुलाला ताप आला तर आपण त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. तेच मूल महिनाभर नीट जेवत नसेल, रात्र-रात्र जागत असेल, शाळेचं नाव काढताच त्याच्या पोटात दुखत असेल, तर आपण म्हणतो, "वयच तसं आहे, होईल आपोआप ठीक." पुष्कळदा होतंही. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या शंभरातल्या सुमारे सात मुलामुलींना मानसिक त्रास असल्याचं आढळलं. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार जण. त्यांना एकेकट्याला पुरेसे मानसोपचारतज्ज्ञ ग्रामीण भागात आणायचे कुठून? गट-उपचार हे त्याचं एक उत्तर आहे.

ही पद्धत नवी नाही. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवत. हेतू आरोग्याचे नियम शिकवण्याचा होता. पण एकमेकांना पाहून, ऐकून रुग्णांना धीर येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामात ही रीत चांगली रुजली. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'मुक्तांगण'मुळे ती अनेक मराठी घरांना माहीत झाली.

किशोरवयीनांचा गट कसा चालतो? साधारण आठ ते दहा मुलं, वयानं जवळपासची. सोबत प्रशिक्षित समुपदेशक, शक्यतो दोन. आठवड्यातून एकदा, तास-दीड तास, असं दोन-तीन महिने. गटात घेण्याआधी प्रत्येक मुलाशी वेगळं बोलतात. पहिल्या बैठकीत नियम ठरतात. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. कुणाला हसायचं नाही. बोलावंसं वाटलं नाही तर गप्प बसायची मुभा आहे. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणावर अत्याचार होत असेल, तर ते गुपित राहणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगतात.

मग हळूहळू तोंडं उघडतात. समजा, एक मुलगी म्हणाली, "पेपर हातात आला की मला काहीच आठवत नाही, हात थरथरतात." लगेच दुसरी म्हणते, "माझंही तसंच होतं." इथेच निम्मं ओझं उतरतं. कारण या वयातलं सर्वांत मोठं दुःख असतं, 'हे फक्त मलाच होतं.' मोठ्यांनी शंभरदा समजावून जे पटत नाही, ते बरोबरीच्या मैत्रिणीच्या एका वाक्यानं पटतं. पुढे सराव येतो. घाबरल्यावर श्वास कसा सावरायचा, 'मी नापासच होणार' हा विचार कसा तपासायचा, "मला अजून शिकायचंय" हे वडिलांना न भांडता कसं सांगायचं. एकजण वडील होतो, एकजण मुलगी होते आणि बाकीचे सुचवतात.

याचा उपयोग होतो का? २००७ मध्ये युगांडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यादवीमुळे छावण्यांत राहणाऱ्या १४ ते १७ वर्षांच्या ३१४ मुलामुलींवर तो झाला होता. स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन चालवलेल्या गट-उपचारानं मुलींची उदासी स्पष्टपणे कमी झाली. मुलग्यांत मात्र तितका फरक दिसला नाही. मुलग्यांना मनातलं बोलतं करायला वेगळे प्रयत्न लागतात, हा त्यातला धडा.

आता जालना जिल्ह्याकडे येऊ. इथे गटाची जमीन आधीच नांगरलेली आहे. शेजारी पाचोडला, इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं अविवाहित मुलींसाठी वर्षभर रोज संध्याकाळी तासभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. २००८ पासून युनिसेफच्या साहाय्यानं 'दीपशिखा' कार्यक्रम आला. त्यात गावातलीच तरुणी 'प्रेरिका' होऊन मुलींचा गट चालवी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा एक विषय आहे, आणि मुलांमधूनच निवडलेले 'साथिया' त्यात गट घेतात.

हे सगळे गट माहिती आणि धीर देणारे आहेत. त्यांना उपचार म्हणता येणार नाही. पण त्रासलेलं मूल प्रथम तिथेच नजरेस पडतं. प्रेरिकेनं, साथियानं ते ओळखावं आणि पुढे पोहोचवावं, इतकी साखळी जुळली तरी पुष्कळ झालं.

एक अडचण खास इथली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. अंबड, घनसावंगी, मंठा भागातली मुलंही आईबापांबरोबर फडावर जातात, किंवा मागे आजीजवळ राहतात. अर्ध्यावर मोडलेला गट मुलाला पुन्हा एकटं करतो. म्हणून गट जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करून दसऱ्याआधी पुरा करावा. मागे राहणाऱ्यांसाठी हिवाळ्यात वेगळा गट घ्यावा. त्यांच्या मनातली भीती वेगळी असते.

सावधगिरीही हवी. मारामाऱ्या करणारी, व्यसनाकडे वळलेली मुलंच तेवढी एकत्र बसवली, तर ती एकमेकांना शहाणपण शिकवण्याऐवजी उलटंच शिकवतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. गट मिसळलेला हवा आणि चालवणारा खंबीर. जीव देण्याची भाषा करणाऱ्या मुलाला आधी गटात बसवू नये. त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत आणि थेट डॉक्टरांकडे न्यावं. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं.

पालकांना एकच विनंती. मूल गटातून घरी आलं की "काय काय बोललास?" असं खोदून विचारू नका. "बरं वाटलं का?" एवढंच विचारा. सांगावंसं वाटेल त्या दिवशी ते आपणहून सांगेल. तेव्हा मात्र हातातलं काम बाजूला ठेवा आणि ऐका.

(नभोभाषणाचा संपादित भाग)