चिकटवलेला कूलर काढायचा की नाही? आधी हिशोब, मग हात

मागच्या व्हिडिओत मी घरच्या फ्रीजरमधून ग्राफिक्स कार्ड बाहेर काढताना दिसलो आणि सगळ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं. फ्रीजरची गंमत वाटते, मान्य आहे. पण त्या कामात फ्रीजरपेक्षा महत्त्वाचं बरंच काही होतं, जे व्हिडिओत नीट सांगायला वेळ मिळाला नाही. रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकायच्या विचारात असाल तर आज तेच सविस्तर सांगतो.

चतुर्थीला दोन दिवस होते. आमच्या रेडीत त्या दिवसांत बॅनरवाल्याला जेवायला फुरसत नसते. चाकरमानी यायला लागलेले असतात आणि प्रत्येक मंडळाला, प्रत्येक पुढाऱ्याला स्वागताचा बॅनर आजच हवा असतो. आमचे एक बॅनर आणि फोटोचं काम करणारे काका सकाळीच काँप्युटरची कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात आले. म्हणाले, "झिला, दहा मिनिटा चलता आणि बंद पडता. माका परवा बारा बॅनर देवचे आसत."

कॅबिनेट उघडली. आत लाल धूळ. खाणीच्या रस्त्यावर दुकान असलेल्या कुणाच्याही मशीनमध्ये ही असतेच, त्यात समुद्राची खारी हवा. ग्राफिक्स कार्डाचा पंखा जाम झालेला आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पूड धरलेली. त्यांच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड काढलं की स्क्रीनवर काहीच येणार नाही. नवीन आणायचं तर सावंतवाडी, नाहीतर आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडून म्हापसा. दोन्हीकडे फोन केले. त्यांच्या जुन्या सिस्टीमला चालेल असं कार्ड त्या दिवशी कुठेच नव्हतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळालं असतं, पण ते येईपर्यंत गणपती बसले असते.

आता इथे नवशिक्या मुलगा काय करतो? "कूलर बदलूया" म्हणून थेट कूलरला हात घालतो. मीही तेच केलं होतं, दुकान सुरू केलं त्या वर्षी. एका विद्यार्थ्याचं कार्ड होतं. कूलर हलेना, म्हणून चपटा स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटला. "टक्" असा बारीक आवाज झाला. कूलर निघाला आणि त्याला चिकटून चिपचा कोपरापण निघाला. कार्ड भरून दिलं. त्या महिन्याचं दुकानभाडं उधारीवर गेलं, आणि तो मुलगा परत कधी दुकानात आला नाही, हे जास्त लागलं. बीबीएला रिस्क मॅनेजमेंटचा पेपर होता मला. मार्क चांगले होते!

म्हणून आता पहिला प्रश्न हा असतो की कूलर काढायची खरंच गरज आहे का. पंखा मेला असेल आणि हीटसिंक घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नका, फक्त पंखा बदला. स्क्रूपासून स्क्रूपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, पिना दोन की तीन ते बघा, व्होल्टेज वाचा (बहुतेक १२ असतं). तसाच पंखा नाही मिळाला तर कॅबिनेटचा ८ सेंटिमीटरचा साधा पंखा नायलॉनच्या टायने पात्यांवर बांधा आणि वीज मदरबोर्डच्या फॅन पिनांवरून घ्या. दिसायला गावठी दिसतं, पण काम चोख होतं. गिऱ्हाइकाला दिसण्याचे पैसे द्यायचे नसतात, चालण्याचे द्यायचे असतात.

काकांना तेच करून दिलं. पण लोड देऊन बघितलं तर तापमानाचा आकडा तसाच वर चढत गेला. हीटसिंकला बोट लावलं तर तो जवळजवळ गार! इथे थांबून विचार करायचा. आत चिप तापतेय आणि वरचा धातू गार आहे, म्हणजे उष्णता मधल्या मधे अडकलीय. दोघांमधला थर सुटलाय किंवा तडकलाय. अशा वेळी पंखे कितीही बदला, उपयोग नाही. कूलर काढावाच लागतो.

मग बघायचं की तो खरंच चिकटवलेला आहे की नुसता वाळलेल्या पेस्टमुळे धरून बसलाय. कार्ड उलटं करा. मागून प्लास्टिकच्या पिनांची टोकं किंवा स्प्रिंगचे स्क्रू दिसले तर तो चिकटवलेला नाही. पिनांची टोकं नोज प्लायरने दाबून सोडवा, हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि हळूहळू डावीउजवीकडे फिरवा. वाळलेली पेस्ट उबेने सैल होते. माझ्याकडे "कूलर चिकटलाय" म्हणून येणाऱ्या कार्डांत बहुतेक अशीच असतात. पण पिना नाहीत, स्क्रू नाहीत आणि चिपच्या कडेने राखाडी कडक गोंद आहे ज्यात नख रुतत नाही, तर तो थर्मल इपॉक्सी. जुन्या, कमी वॉटच्या कार्डांवर कंपन्या हीटसिंक असाच कायमचा लावून टाकायच्या. काकांचं कार्ड त्यातलंच निघालं. वर काठाचा गोंद घट्ट, आत मात्र फट.

आता पैशाचा भाग. हा नीट वाचा, कारण सोल्डरिंग शिकवणारे खूप आहेत, हे कुणी शिकवत नाही. समजा अशा कार्डाची आजची किंमत २,५०० रुपये आहे आणि पाचांतलं एक तुमच्या हातून मरेल असं धरलं, तर प्रत्येक कामावर ५०० रुपये नुकसानीचेच बसले. तुमची मेहनत, दुकानाचं भाडं, वीज अजून धरलेलीच नाही. तुम्ही कूलर काढायचे ४०० घेतलेत, तर चार वेळा "मस्त काम झालं" ऐकून पाचव्या वेळी खड्ड्यात गेलात. म्हणून एकतर धोका गिऱ्हाइकाने घ्यायचा, नाहीतर काम घ्यायचं नाही. आणि हे बोलणं स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी झालं पाहिजे.

मी काकांना सरळ सांगितलं, "काका, काढताना कार्ड मेलं तर मी मजुरी घेणार नाही, पण कार्डपण भरून देणार नाही. चालत असेल तरच काढतो."

"नायतरी ता मेल्यातच जमा आसा," काका म्हणाले, "काड तू."

हेच वाक्य व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवा म्हटलं. थोडे रागावले. ओळखीतल्या माणसाकडे असं मागायला जड जातं, गावात तर फारच. पण मागायचंच. ओळख टिकावी म्हणूनच मागायचं.

त्या संध्याकाळी कार्ड दोन झिप पिशव्यांत घातलं, बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकली आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. आईने बांगड्यांच्या शेजारी जागा दिली, पण चेहरा बघण्यासारखा होता. थंड कशासाठी? गारव्याने ॲल्युमिनिअम सिलिकॉनच्या जवळपास नऊपट आकसतं. गोंदही ठिसूळ होतो. मधल्या थरावर आडवा ताण येतो आणि थोडा पीळ दिला की तो सुटतो. उलट बाजूने हीट गन मारणारेही आहेत. मी तसं करत नाही. शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आणि हीट गन तिथे कधी पोचली ते कळतही नाही.

रात्री तीन तासांनी बाहेर काढलं. टेबलावर जाड कापड, त्यावर कार्ड सपाट, एका हाताने कडा दाबून धरलेल्या, दुसऱ्याने हीटसिंक पकडून एकदम थोडा पीळ, मग उलटा. वर ओढायचं नाही. ओढलं तर चिपखालचे सोल्डरचे बारीक गोळे सुटतात. नाहीच हललं तर परत फ्रीजर. काठाचा गोंद जाड असेल तर मासे धरायचा बारीक तंगूस करवतीसारखा फिरवून तो कापता येतो. मधला थर त्याने कापला जाईल ही आशा ठेवू नका. दुसऱ्या फेरीत, साधारण साडेअकराला, हीटसिंक सुटला. चिप शाबूत. मी आणि आई दोघांनीही श्वास सोडला. तिने अर्थात बांगड्यांसाठी.

पुढची चूक आपल्याकडे हमखास होते. भाद्रपदातली कोकणची हवा आणि त्यात उणे तापमानातलं कार्ड! दोन मिनिटांत त्यावर दव धरतं. म्हणून कूलर सुटला की कार्ड लगेच परत पिशवीत, तोंड बंद, आणि खोलीइतकं गरम होईपर्यंत उघडायचं नाही. मी नंतर ते चालू असलेल्या दुसऱ्या काँप्युटरच्या एसएमपीएसच्या गरम वाऱ्यासमोर सकाळपर्यंत ठेवलं.

उरलेला गोंद जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला. ब्लेड चिपवर कधीच नाही. आता परत बसवायचं कसं? नुसत्या इपॉक्सीवर बसवायचं तर पक्कं व्हायला पूर्ण दिवस लागतो. शिवाय टॉवर कॅबिनेटमध्ये कार्डाची चिप खाली तोंड करून असते, म्हणजे हीटसिंक लोंबकळत राहतो आणि गोंद सुटला तर पडतो. एमसील, फेव्हीक्विक वगैरे तर नावही काढू नका, ते या कामासाठी नाहीत. नशिबाने या बोर्डावर चिपच्या दोन बाजूंना रिकामी भोकं होती. एकच बोर्ड वेगवेगळ्या कूलरसाठी वापरतात, त्यामुळे असं बऱ्याचदा सापडतं. भंगाराच्या खोक्यातून त्याच अंतराच्या पिनांचा कूलर शोधला, नवी पेस्ट लावली. त्याचाही पंखा खराब होता, मग वर तोच ८ सेंटिमीटरचा पंखा टायने बांधला.

मेलेली कार्डं फेकू नका हे मी क्लासमध्ये का सांगतो ते कळलं असेल. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि क्रिप्टोचं मायनिंग यामुळे कार्डांचे भाव डोक्यावरून गेले होते, तेव्हा याच खोक्याने माझं दुकान चालवलं. (आमच्या गावात मायनिंग म्हटलं की लोखंडाची खाण. आमचा द्विभुज गणपतीसुद्धा १९७६ साली खाणीतच सापडला. ग्राफिक्स कार्डाने कुणी मायनिंग करतं हे आमच्या आप्पांना अजून पटलेलं नाही.) सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरिअमचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. तेव्हापासून जुनं कार्ड वाचवण्यात पहिल्यासारखा अर्थ नाही. हल्ली कुणी आलं तर मी आधी नव्याची किंमत सांगतो.

दुपारी एक तास लोड देऊन बघितलं, आकडा स्थिर. बिल केलं ७५० रुपये: कूलर काढण्या-बसवण्याचे ६००, भंगारातल्या कूलरचे १५०. पंख्याचे वेगळे लावायला विसरलो, ते माझं नुकसान. काकांनी पाचशे दिले, बाकीचे चतुर्थीनंतर दिले, आणि बारापैकी अकरा बॅनर वेळेत लागले. बारावा फोटोच उशिरा आला म्हणून राहिला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या भाच्याने गेमिंगचं महागडं कार्ड आणलं, कूलर बदलायचा म्हणून. वॉरंटी चालू होती. मी नाही म्हणून परत पाठवलं. काकांचं कार्ड अजून चालू आहे. टायचं एक टोक लांब राहिलंय, ते कापायला येतो म्हणाले होते. अजून आलेले नाहीत.