वर्णरेषांची रुंदी

पाऊस सरला, आकाश निवळलें, कीं आश्विनांत रात्रीं आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून वर पाहावें. डाव्या हाताला अभिजित व समोर उंचावर हंस, असे दोन शुभ्र तारे दिसतात. अभिजित अधिक तेजस्वी. तेव्हां तोच थोर, असें पाहणारा सहज म्हणेल. वस्तुस्थिति उलट आहे. अभिजित अवघ्या २५ प्रकाशवर्षांवर आहे, तर हंस हजाराहून अधिक. हंस अभिजिताच्या जागीं आणून ठेवला, तर त्याच्यापुढें शुक्रही फिका पडेल.

अंतर मोजण्यापूर्वींच हा भेद सांगणारी खूण ताऱ्याच्या प्रकाशांत असते. लोलकानें प्रकाश पसरला म्हणजे वर्णपट मिळतो. हायड्रोजनच्या काळ्या रेषा दोन्ही ताऱ्यांच्या वर्णपटांत एकाच ठिकाणीं असतात. पण अभिजिताच्या रेषा रुंद, कडा विरघळल्यासारख्या, आणि हंसाच्या बारीक व रेखीव. हार्वर्ड वेधशाळेंत अँटोनिया मॉरी या विदुषीनें १८९७ च्या सूचींत अशा बारीक रेषांच्या ताऱ्यांस ‘सी’ हें अक्षर लावलें. वेधशाळेच्या पुढील सूचींत तें टिकलें नाहीं. परंतु १९०५ मध्यें हर्ट्झस्प्रुंग या डॅनिश ज्योतिष्यानें दाखविलें कीं, ‘सी’ तारे आकाशांत जवळजवळ हालतच नाहींत. म्हणजे ते फार दूर, आणि म्हणूनच अतिशय तेजस्वी असले पाहिजेत. ही खूण सोडणें म्हणजे देवमासा व मासा यांतील भेद कळूनही दोघांना एका वर्गांत घालणें होय, असें त्यानें १९०८ सालीं वेधशाळेच्या संचालकांस कळविलें. बाईंचा डोळा खरा ठरला.

रेषा रुंदावते कां? ताऱ्याच्या बाह्य थरांत कांहीं अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेले असतात. अशा विद्युद्भारित वायूस प्लाझ्मा म्हणतात. विद्युत्क्षेत्रांत हायड्रोजनची एक रेषा अनेक रेषांत फुटते, हें श्टार्क यानें १९१३ मध्यें प्रयोगानें सिद्ध केलें. दाट प्लाझ्मांत प्रत्येक अणूला शेजाऱ्यांचें क्षेत्र निराळें जाणवतें. असंख्य अणूंचा प्रकाश एकत्र होऊन रेषा फांकते. हंस हा फुगलेला महातारा. त्याचें बाह्य आवरण विरळ, शेजारी दूर, म्हणून रेषा बारीक.

मात्र नुसत्या रुंदीवर भिस्त ठेवूं नये. उष्णतेनें धांवणारे अणु रेषा रुंदावतात, ताऱ्याचें भ्रमणही रुंदावतें. येथें आकार कामीं येतो. उष्णतेनें रुंदावलेली रेषा घंटेसारखी, दोन्ही बाजूंस झटकन उतरणारी. क्षेत्रानें फांकलेलीचे पंख लांबवर पसरतात. शिवाय भ्रमण लोखंडाच्या रेषांनाही सोडत नाहीं. अणूंच्या दाटीचा मार हायड्रोजनवर विशेष.

व्याधाचा सहचर आकारानें पृथ्वीएवढा, पण वजनानें सूर्याएवढा. त्याच्या दाट आवरणांत हायड्रोजनच्या रेषा इतक्या फांकतात कीं, जांभळ्या टोकाकडील रेषा एकमेकींत मिसळून नाहींशा होतात. अखेरची वेगळी ओळखूं येणारी रेषा कितवी, एवढें मोजलें कीं एका घन सेंटिमीटरांत इलेक्ट्रॉन किती दाटले आहेत याचा अंदाज निघतो. इंग्लिस व टेलर यांनीं हें गणित १९३९ मध्यें मांडलें.