बोल फुटण्याआधी

दातांच्या डॉक्टरांकडे मत्स्यालयासमोर उभी राहून एक वर्षभराची मुलगी फुंकर मारत होती. तिची आई लिंडा अ‍ॅक्रेडोलो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत मानसशास्त्राची प्राध्यापक. तरी उलगडा व्हायला लेकीची झोपायची वेळ व्हावी लागली. पाळण्यावर टांगलेले खेळण्यातले मासे हलावेत म्हणून आई रोज त्यांच्यावर फुंकर मारायची. लेकीच्या लेखी फुंकर म्हणजेच मासा! फूल दिसलं की ती हुंगल्यासारखं नाक करी, कोळी दिसला की बोटं एकमेकांवर घाशी. ही 1982 च्या सुमाराची गोष्ट. यातूनच, बोलण्याआधी बाळांना अशा खुणा शिकवण्याविषयीचं, अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांचं ‘बेबी साइन्स’ हे 1996 चं पुस्तक पुढे आलं.

बाळाला शब्द कळू लागतात पहिल्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी. बोलता मात्र येत नाही. जीभ, ओठ, श्वास आणि कंठ या सगळ्यांचा मेळ बसायला वेळ लागतो. हात त्या मानाने लवकर ताब्यात येतात. आपल्या घरांत याचा अनुभव जुनाच आहे. बोलता न येणारं बाळ टाटा करतं, देवासमोर जयजय करतं, आणि ‘संपलं, काऊनं नेलं’ म्हणत आजीने रिकामे तळवे दाखवले की काही दिवसांनी स्वतःच ते दाखवू लागतं. फरक इतकाच, की हे आपण कौतुकासाठी करवून घेतो. बाळाला काय हवंय ते त्याने सांगावं म्हणून नव्हे.

अमेरिकेत दुसरी वाट जोसेफ गार्सिया यांनी काढली. ते सांकेतिक भाषेचे दुभाषी. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी बाळं फार लवकर हातांनी ‘बोलतात’, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतल्याच खुणा इतर पालकांना शिकवायला घेतल्या. दुधासाठी धार काढल्यासारखी मूठ उघडमीट करायची. ‘अजून’साठी दोन्ही हातांची जुळवलेली बोटं एकमेकांवर टेकवायची. मग पुस्तकं आली, वर्ग आले, डीव्हीडी आल्या. 2004 च्या ‘मीट द फॉकर्स’ या हॉलिवूडपटातही खुणा करणारं बाळ दिसलं.

बाजार म्हटला की दावेही वाढतात. मूल लवकर बोलेल, बुद्ध्यांक वाढेल, वगैरे. 2000 मध्ये अ‍ॅक्रेडोलो-गुडविन यांनी लिहिलं, की खुणा शिकलेली मुलं सुरुवातीला भाषेत थोडी पुढे असतात. पण 2005 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे 17 अभ्यास तपासले, तेव्हा पुरावा तोकडा आणि बऱ्याच अभ्यासांची रचना कच्ची निघाली. त्यानंतर इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी 40 बाळांवर आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत लक्ष ठेवलं. काहींना खुणा शिकवल्या, काहींना नाही. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले: भाषेच्या बाबतीत फरक नाही. बदलल्या त्या आया! खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, त्याला स्वतःहून काही करू देऊ लागल्या.

मला या सगळ्या संशोधनातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि जाहिरातीत नेमकी तीच नसते. खूण टिपायची तर मोबाइल बाजूला ठेवून बाळाकडे बघावं लागतं. त्यासाठी महागडा वर्ग लागत नाही. सहा-आठ महिन्यांच्या सुमारास ‘दूध’, ‘अजून’, ‘संपलं’ अशा दोन-तीन रोजच्या खुणा पुरतात. प्रत्येक वेळी खुणेबरोबर शब्दही तोंडाने म्हणायचा आणि ती खूण घरातल्या सगळ्यांनी सारखीच करायची. बाळाची ओबडधोबड नक्कलही मान्य करायची. दोन महिने काहीच झालं नाही, तरी त्यात बिघडलं काहीच नाही. खुणांमुळे बोलणं लांबतं असंही अभ्यासांत आढळलेलं नाही.

ही भीती घालण्याची प्रथा मात्र जुनी आहे, आणि तिची झळ ज्यांना बसली ती बाळं वेगळी. 1880 च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणा हद्दपार करून तोंडी बोलण्यावरच भर देण्याचा ठराव केला. त्याचे परिणाम कित्येक दशकं टिकले. त्यात कर्णबधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे, म्हणजे घरातही खुणांची भाषा नाही. मॉन्ट्रियलच्या लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी 1991 मध्ये दाखवलं, की सांकेतिक भाषा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनीच बडबडतात. इतर बाळं ‘बाबाबा’ करतात, तसंच. म्हणजे ऐकू येणाऱ्या बाळासाठी जी हौस, ती या बाळासाठी भाषा आहे, आणि तिला उशीर झाला तर नुकसान खरंखुरं.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा सुमारे दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश आता इंटरनेटवर मोफत पाहता येतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रमही चालतात. हौस म्हणून खुणा शिकवायच्या तर अमेरिकन कशाला, इथल्याच घ्याव्यात. शेजारच्या कर्णबधिर मुलाला त्यातल्या चार तरी कळतील.