अधिकारपदांची नावे : स्पॅनिश व्यवसायभाषा आणि मराठी पर्याय

रायगड जिल्ह्यातील पाली हे बल्लाळेश्वराचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. हा सुधागडचा परिसर १९४८ पर्यंत भोर संस्थानात मोडत होता आणि त्या संस्थानाचे अधिपती ‘पंतसचिव’ म्हणून ओळखले जात. सुधागडावर आजही पंतसचिवांचा वाडा दाखविला जातो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ‘सुरनीस’ या फारसी वळणाच्या पदनामाऐवजी ‘सचिव’ हे संस्कृत नाव रूढ करण्यात आले. मूळ काम कागदपत्रे तपासण्याचे. पुढे तेच नाव एका राजघराण्याची ओळख बनले. पदनामाचा कोशातील अर्थ आणि त्यामागील प्रत्यक्ष अधिकार यांत असे अंतर पडत जाते. स्पॅनिश व्यवसायभाषेचा अभ्यास करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

सर्वाधिक घोटाळा ‘दिरेक्तोर’ या शब्दाने होतो. इंग्रजी ‘डायरेक्टर’शी असलेल्या साम्यामुळे त्याचे भाषांतर सहजच ‘संचालक’ असे केले जाते. तथापि स्पॅनिश कंपनीतील ‘दिरेक्तोर’ हा सामान्यतः एखाद्या विभागाचा किंवा संपूर्ण व्यवसायाचा पगारी प्रमुख असतो. संचालक मंडळावर तो असेलच असे नाही. मंडळाच्या सदस्यास ‘कोन्सेखेरो’ म्हणतात, कारण मंडळ म्हणजे ‘कोन्सेखो’. मंडळाने आपले अधिकार ज्याच्याकडे सोपविले तो ‘कोन्सेखेरो देलेगादो’, म्हणजे स्थूलमानाने आपला व्यवस्थापकीय संचालक. लॅटिन अमेरिकेत मात्र कंपनीच्या प्रमुखास बहुधा ‘खेरेन्ते हेनेराल’ असे संबोधितात.

‘आद्मिनिस्त्रादोर’ हा शब्द याहून फसवा आहे. स्पॅनिश कायद्यात तो कंपनीचा कारभार पाहणारा व तिचे प्रतिनिधित्व करणारा पदाधिकारी होय. लहान कंपनीत असा एकच असू शकतो. त्यास मराठीत ‘प्रशासक’ म्हटले, तर सहकाराशी परिचित वाचकाची समजूत भलतीच होईल. संचालक मंडळ बरखास्त झाल्यावर शासन नेमते तो प्रशासक, हा अर्थ महाराष्ट्रात पक्का रुजलेला आहे. एका शब्दाने सुस्थितीतील कंपनी अडचणीत आल्याचा भास व्हावा, ही चूक किरकोळ नव्हे. करारावर सही कोणाची चालेल, हा प्रश्नही येथेच उद्भवतो. हुद्दा मोठा असला तरी सहीचा अधिकार असतोच असे नाही. कुलमुखत्यारपत्राने तो ज्यास मिळतो त्याला ‘आपोदेरादो’ म्हणतात. आपला ‘मुखत्यार’ हा जुना शब्द येथे चपखल बसतो, नवा घडविण्याची गरज नाही.

स्पॅनिश आणि मराठी यांचे एक दूरचे नातेही आहे. दोन्ही भाषांनी अरबी पदनामे पचविली : स्पॅनिशने अंदालुसियातील मुस्लिम राजवटींकडून, मराठीने फारसीच्या द्वारे. ‘मुकादम’ हा मराठीत मजुरांच्या टोळीचा प्रमुख; स्पॅनिशमध्ये त्याच मूळ शब्दापासून झालेला ‘आल्मोकादेन’ हा पायदळाचा नायक होता. ‘काजी’पासून ‘आल्काल्दे’, म्हणजे नगराध्यक्ष, झाला. ‘दिवाण’ मराठीत कारभारी राहिला. स्पॅनिशमध्ये ‘आदुआना’ होऊन सीमाशुल्काची कचेरी बनला. वजिराची मात्र तेथे पुरती घसरण झाली : ‘आल्ग्वासील’ हा आता न्यायालयाचे हुकूम बजावणारा कनिष्ठ कर्मचारी आहे. मराठीत त्याने निदान बुद्धिबळाच्या पटावर तरी आपला मान राखला आहे.