शत्रूच्या घरी शिकायला गेलेली मुलं

हॅरी पॉटर आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीत हिंदीतून आला. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसनं पहिलं हिंदी पुस्तक २००३ मध्ये काढलं. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. १ नोव्हेंबर २००० पूर्वी भोपाळ हीच आमची राजधानी, त्यामुळे तिकडची पुस्तकं रायपूरला पोचायला वेळ लागत नसे. त्याच प्रकाशनानं पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा मराठी अनुवादही आणला. मोठ्यांनी तो हौसेनं मागवला, पण मुलांनी हिंदीच वाचला. वर्गात ज्याच्याशी त्या गोष्टीवरून भांडायचं तो हिंदी बोलणारा होता. ज्यांची भूक मोठी होती ती मुलं पुढच्या भागांसाठी थेट इंग्रजीकडे वळली आणि मराठीकडे परत आली नाहीत. या वीस-पंचवीस वर्षांकडे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

परत यायला त्यांच्यासाठी होतं तरी काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश आजही दहा-बारा वर्षांच्या मुलाला खिळवून ठेवतो. त्याच्यानंतर कपाटात एकदम नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांचा अंधार अस्सल होता. २०१८ च्या ‘तुंबाड’च्या मुळाशी त्यांचीच कथा आहे. पण त्या अंधारात वावरणारी माणसं संसारी, चाळिशीतली. आणि मग थेट खांडेकरांची ‘ययाति’. चौदा ते वीस या वयात मैत्री, मत्सर, परीक्षा, पहिलं प्रेम, आपल्यात काहीतरी भयंकर ताकद आहे असं वाटणं, हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. त्या वयासाठी लिहिलेल्या पुस्तकांचा कप्पा मराठीत जवळजवळ रिकामाच राहिला. चौबे कॉलोनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे. इथल्या मराठी घरांना गणपती मिळाला, नाटक मिळालं, आपल्या भाषेत चार शब्द बोलायची हक्काची जागा मिळाली. सोळाव्या वर्षी रात्री उशाशी घेऊन झोपावं असं मराठी पुस्तक पुरवणं मात्र एकट्या मंडळाचं काम नव्हतं. ते लेखक-प्रकाशकांचं काम होतं आणि ते झालं नाही.

मग २०२० आलं. शाळा-कॉलेजं बंद, मुलं घरात. जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, पण तोवर जी लाट उठली होती ती इन्स्टाग्रामवरून आमच्यापर्यंत आलीच. जुन्या दगडी वाचनालयांचे फोटो, मेणबत्त्या, शाईचे डाग, लॅटिन वचनं. या सगळ्याला ‘डार्क अकॅडेमिया’ म्हणतात हे मला माझ्या भाचीनं सांगितलं. या प्रकाराचं मूळ बहुतेक जण डोना टार्टच्या १९९२ च्या ‘द सीक्रेट हिस्टरी’त शोधतात. तिथे व्हरमाँटच्या कॉलेजात ग्रीक शिकणारी हुशार मुलं एक खून करून बसतात. पुढच्या लेखिकांनी त्यात जादू मिसळली. ली बार्डुगोनं २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या गुप्त मंडळांवर ‘नाइन्थ हाउस’ लिहिलं, २०२२ मध्ये आर. एफ. क्वांगनं ऑक्सफर्डवर ‘बेबल’ लिहिलं. तरुण मुलींच्या हाती ही पुस्तकं गेली तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती: ज्याचा गळा दाबावासा वाटतो त्याच्याच प्रेमात पडणं. ही ओढ काही नवीन नव्हती. हॅरी पॉटरमधली हर्मायनी आणि तिचा वैरी ड्रॅको यांची प्रेमकथा वाचकांनी स्वतःच वर्षानुवर्षं लिहिली आहे. तशाच एका कथेवरून सेनलिन्यूची ‘अल्केमाइज्ड’ २०२५ मध्ये पुस्तक होऊन आली.

भाचीच्या टेबलावर रिबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ होतं, मे २०२३ मध्ये आलेलं. ते मी हातात घेतलं तेव्हा तिनं बजावलं, “मावशी, पाठीवर घडी पाडू नकोस हं.” त्यातल्या लष्करी विद्यालयात नापास होणं म्हणजे मरणं. नायिका व्हायलेटची आई सेनापती आहे, आणि झेडनचे वडील तिच्याच राजवटीविरुद्ध बंड केल्याबद्दल मारले गेले आहेत. दोघं एकाच विद्यालयात. झेडनला तिचा सूड घ्यायला शंभर कारणं आहेत, ड्रॅगन मात्र दोघांची गाठ बांधतात. मी दोन रात्रींत वाचून संपवलं. शेवट घाईत उरकलाय असं माझं मत आहे, भाचीला ते अजिबात मान्य नाही.

माझा जीव मात्र दुसऱ्या एका पुस्तकात अडकला. नेओमी नोविकचं ‘अ डेडली एज्युकेशन’ सप्टेंबर २०२० मध्ये आलं. स्कोलोमान्स नावाच्या शाळेत शिक्षक नाहीत, सुट्टी नाही, आणि भिंतींतून सरपटत येणारी श्वापदं मुलांना खातात. नायिका एल ही तिखट, एकटी, अतिशय संतापी मुलगी. ओरायन हा सगळ्यांचा लाडका वीर सतत तिचा जीव वाचवतो, आणि म्हणूनच तिला तो डोळ्यांसमोर नको असतो. तिच्या आत सगळं जग जाळू शकेल अशी विद्या आहे आणि ती वापरायची नाही म्हणून ती रोज स्वतःशी झगडते. या एलचे वडील मुंबईच्या घराण्यातले. तिला मराठी येतं. शाळेत तिच्या हाती लागतो तो ग्रंथ संस्कृतातला. जगभर गाजलेल्या या गोष्टीची नायिका मराठी बोलते, आणि माझ्या कॉलोनीतल्या मुली तिला इंग्रजीत वाचतात. ते वाचताना मला आनंद झाला आणि लगेच मनाला लागलंही.

लागण्याचं कारण असं, की शत्रूच्या प्रेमात पडणं आणि जीव धोक्यात घालून विद्या शिकणं, हे दोन्ही धागे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या हातात होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ १९११ चं. भामिनी श्रीमंताची लेक. वडिलांनी ठरवलेला धैर्यधर शूर सेनापती, पण गरीब, म्हणून ती त्याचा अपमान करते, तोही मानी, उलट फिरतो. मग ती वनमाला बनून, साध्या वेशात त्याच्या छावणीत जाते आणि तिथे तिचं मन बदलतं. शत्रुत्वातून प्रेम, याहून नेटकं ते कसं असणार? दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, खाडिलकरांचं ‘संगीत विद्याहरण’ आलं: शत्रूच्या आश्रमात विद्या शिकायला गेलेला कच, आणि गुरूची मुलगी देवयानी. भामिनीही बालगंधर्वांनी रंगवली आणि देवयानीही. ‘मानापमान’ला पुढे भाग्य लाभलं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नायकांनी ते एकत्र केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा चित्रपट आला. ‘विद्याहरण’ मागे पडलं. त्यात शुक्राचार्यांच्या मद्यपानावर भर आहे, म्हणून ते व्यसनमुक्तीचं नाटक म्हणून लक्षात राहिलं.

पण मूळ कथा पुन्हा वाचावी, आदिपर्वातली. देव-असुरांचं युद्ध चालू आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी फक्त शुक्राचार्यांकडे, म्हणजे असुरांकडे. देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या गुरूकडे पाठवतात, आणि देवयानीची मर्जी संपादन कर असंही सांगून पाठवतात. म्हणजे प्रेम हा सुरुवातीपासूनच कटाचा भाग. कच स्वतःचं नाव, बापाचं नाव लपवत नाही, शुक्राचार्यही सगळं जाणून त्याला ठेवून घेतात. असुरांना ते सहन होत नाही. तो गाई घेऊन रानात गेलेला असताना ते त्याचे तुकडे करून लांडग्यांना घालतात. संध्याकाळी गाई एकट्या परत येतात, ते देवयानीच्या ध्यानात येतं आणि ती वडिलांकडे हट्ट धरते. तो उठतो. दुसऱ्यांदा तो फुलं आणायला जातो, तेव्हा त्याला वाटून समुद्रात कालवतात. पुन्हा उठतो. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य गुरूलाच पाजतात.

आता कच गुरूच्या पोटात आहे. त्याला जिवंत करायचं तर शुक्राचार्य मरणार, न करावं तर देवयानी जगणार नाही. मार्ग एकच: पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवायची, त्यानं पोट फाडून बाहेर यायचं आणि मग गुरूला उठवायचं. इतक्या पुस्तकांत शिकण्याची जबर किंमत मोजणारी मुलं मी पाहिली, पण विद्या द्यायची म्हणजे आधी गुरूनं मरायचं, आणि नुकतीच विद्या मिळालेला शत्रूचा मुलगा तिचा पहिला प्रयोग त्याच्यावरच करील असा विश्वास ठेवायचा, इतकी भेदक कल्पना दुसरीकडे कुठे आढळली नाही. कच तेव्हा पळून जाऊ शकला असता. तो गेला नाही.

शिष्यत्वाचं व्रत संपल्यावर देवयानी त्याला लग्नाचं विचारते आणि तो नाही म्हणतो. तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, म्हणून तू माझी बहीण, असं कारण देतो. ती शाप देते: शिकलेली विद्या तुला फळणार नाही. तो उलट शाप देतो: कोणी ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही. इंग्रजी पुस्तकांत शत्रू प्रेमाकडे येतात. इथे तीनदा एकमेकांच्या जिवासाठी झुरलेली दोन माणसं वैरी होऊन निरोप घेतात. मी भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “गेला तर गेला मावशी, पण बहीण म्हणून गेला, हे फार वाईट केलं त्यानं.” आणि मग बराच वेळ ती देवयानीच्या बाजूनं भांडत राहिली. खांडेकरांनी ‘ययाति’त देवयानीला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं, ते मोठंच काम, पण ती तिथे राणी म्हणून बोलते. आश्रमातली, रोज संध्याकाळी गाईंच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी तरुण मुलगी अजून कुणीतरी लिहायची आहे.

ती आमच्या रायपुरात का लिहिली जाऊ नये? जी. ई. रोडवर राजकुमार कॉलेज आहे. १८८२ साली जबलपूरला निघालेली ही संस्थानिकांच्या मुलांची शाळा १८९४ मध्ये इथे आली. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांची गावं लुटली असतील, ती मुलं इथे एका वसतिगृहात राहिली असणार. त्याच रस्त्यावर २०१८ पासून नालंदा परिसर रात्रंदिवस उघडा असतो, आणि पहाटे तीनलाही तिथे मुलं-मुली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर वाकलेली दिसतात. आयुष्य पणाला लावून शिकणं म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही कादंबरीनं शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र इथल्या लेखिकेला विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा होते, त्याच दिवशी छत्तीसगडात हरेली असते. आमच्या घरात पाटावर दिवे मांडलेले असतात आणि बाहेर फाटकावर कडुनिंबाची डहाळी खोचलेली असते. गावाकडे लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो. त्या रात्री टोनही, म्हणजे चेटकीण, बाहेर पडते, अशी समजूत आहे. आणि ‘टोनही’ ठरवलेली बाई कादंबरीतली नसते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर थोडी जमीन असते, आणि तिला खरोखर मारहाण होते. म्हणूनच राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. इंग्रजीतल्या लेखिकेला काळी विद्या सजावटीसाठी वापरता येईल, इथल्या मुलीला नाही. तिची देवयानी संजीवनीचा मंत्र म्हणेल तेव्हा गाव तिला काय म्हणेल, हेही तिला लिहावं लागेल. आणि तिथेच तिची गोष्ट यारोस आणि नोविकच्या पुढे जाईल, असं मला मनापासून वाटतं.

मंडळात ‘विद्याहरण’चं वाचन ठेवावं, असं मी सुचवून पाहणार आहे. पदं येणारी ज्येष्ठ मंडळी अजून आहेत, कॉलेजातली मुलंही येतील. भाची देवयानी वाचायला तयार आहे. तिची एकच अट आहे: शेवटचा प्रवेश ती स्वतः नव्यानं लिहिणार.